पाजणीची खळ धाग्याला का सोडते? तांदळाच्या कणीपासून सुधारित स्टार्चपर्यंत सविस्तर माहिती

चंद्रपूर/गडचिरोली : माग नीट लावला, ताणा बरोबर भरला, तरी दोन-चार हात कापड विणून होत नाही तोच धागे पटापट तुटू लागतात. मागाखाली पांढरी पूड पडलेली दिसते. विणकर म्हणतो, "खळ धरली नाही." झाडीपट्टीतल्या हातमागावर बसणाऱ्या कोणालाही ही गोष्ट नवीन नाही. तुटलेला प्रत्येक धागा शोधून, गाठ मारून, फणीतून पुन्हा ओवायचा म्हणजे तेवढा वेळ माग बंद. मजुरी मात्र कापडाच्या मीटरवर मिळते, गाठींवर नाही.

खळ म्हणजे शेवटी स्टार्च, घरच्या भाषेत मांड किंवा पेज. तोच स्टार्च सुती धाग्याला घट्ट बसतो, कोशाच्या धाग्याला कमी बसतो आणि पॉलिस्टर मिसळलेल्या धाग्यावरून तर सालीसारखा निघून येतो. असे का होते, आणि स्टार्चमध्ये रासायनिक बदल करून ही पकड कशी वाढवतात, याची माहिती या लेखात दिली आहे.

आपल्या भागाशी या विषयाचा संबंध

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग आणि गडचिरोली हा धानाचा पट्टा. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे धान संशोधन केंद्र आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्या बांधीतून निवडलेला एचएमटी हा बारीक धान पुढे देशभर गेला. धान भरडला की अख्ख्या तांदळाबरोबर कणी निघतेच, आणि दाणा जितका लांब व बारीक तितके तुटीचे प्रमाण वाढण्याची शक्यता अधिक. कणी म्हणजे प्रामुख्याने स्टार्चच.

दुसरीकडे धागा आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष घेण्याचे काम इथला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करतो. आरमोरी हे नाव टसर म्हणजे कोसा रेशमासाठी ओळखले जाते. सुताची परंपराही जुनी. सावली हे खादीचे केंद्र होते आणि १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन तिथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत झाले होते. हातकताईचे सूत कुठे जाड तर कुठे बारीक असते, त्यात पीळही एकसारखा नसतो. त्यामुळे मागावर टिकण्यासाठी त्याला गिरणीच्या सुतापेक्षा खळीचा आधार जास्त लागतो.

भंडारा-नागपूर भागातील करवत काठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या साडीच्या अंगात कोसा असतो आणि करवतीच्या दातांसारख्या काठात सूत. म्हणजे एकाच मागावर एक धागा किड्याने दिलेला आणि दुसरा कापसाचा. दोघांचा स्वभाव वेगळा, पण खळ अनेकदा एकच. अडचण तिथूनच सुरू होते.

पाजणी म्हणजे नेमके काय?

कापडात उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. बाणा धोट्यातून एकदाच जातो आणि जागेवर बसतो. ताण्याचा धागा मात्र सतत ताणलेला असतो आणि विणून होईपर्यंत वही, फणी व शेजारच्या धाग्यांवर हजारो वेळा घासला जातो. या घासण्याने धाग्यातले तंतू बाहेर निघतात, धागा केसाळ होतो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तुटतो.

म्हणून ताण्याला खळ पाजतात. खळीने दोन कामे करायची असतात. थोडी खळ धाग्याच्या आत शिरून तंतूंना एकमेकांशी बांधते आणि उरलेली वर पातळ थर बनवून केस दाबून बसवते. नुसतीच आत शिरली तर घासण्यापासून संरक्षण नाही. नुसतीच वर राहिली तर कडक कवच बनते आणि वाकवताच तडकून झडते. मागाखाली पडणारी पांढरी पूड ती हीच.

एकेरी सुती धाग्यावर गिरणीत साधारण त्याच्या वजनाच्या ८ ते १५ टक्के कोरडी खळ बसवली जाते. म्हणजे १० किलो सुताला १० टक्क्यांच्या हिशेबाने एक किलो कोरडा स्टार्च लागतो. दुपदरी, पीळ दिलेल्या सुताला फार कमी खळ लागते, कधी लागतही नाही.

साधी खळ कुठे कमी पडते?

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्या जोडून झालेल्या लांब साखळ्या. त्यांचे दोन प्रकार असतात. अमायलोज ही सरळ साखळी आणि अमायलोपेक्टिन ही फांद्या फुटलेली. बहुतेक धान्यांच्या स्टार्चमध्ये अमायलोज २० ते ३० टक्के आणि बाकी अमायलोपेक्टिन असते. चिकट तांदळात अमायलोज नाममात्रच असते. भात मोकळा होतो की गिचका, हेही बरेचसे याच प्रमाणावर ठरते.

पाण्यात तापवल्यावर साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि खळ दाट होते. इथे तीन अडचणी येतात.

पहिली, दाटपणा. साखळ्या फार लांब असल्याने खळ घट्ट होते आणि धाग्याच्या आत पुरेशी जात नाही. पातळ करावी तर पाणी वाढते, स्टार्च कमी बसतो आणि धागा वाळायला वेळ लागतो.

दुसरी, थंड होताच बदलणारे रूप. निवताना अमायलोजच्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात. त्यामुळे खळीवर साय येते, गुठळ्या होतात, पाणी सुटते. शिळी पेज पुन्हा तापवली तरी ताजी होत नाही ती याचमुळे.

तिसरी, ठिसूळपणा. वाळलेल्या स्टार्चचा थर कडक असतो. हवेत ओलावा असेल तर तो थोडा मऊ राहतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि हवा कोरडी पडली की थर तडकतो. म्हणून जुने विणकर पाजणी व विणकाम सकाळच्या वेळी उरकतात आणि खळीत थोडे तेल घालतात. पावसाळ्यात उलटे होते. खळ वाळत नाही आणि तिच्यावर बुरशी चढते.

पकड धाग्यागणिक वेगळी का?

कापूस म्हणजे सेल्युलोज. तोही ग्लुकोजच्याच साखळ्यांचा, फक्त कड्या जोडण्याची पद्धत वेगळी. दोन्हीकडे पाण्याशी जवळीक असणारे हायड्रॉक्सिल गट भरपूर असतात. वाळताना हे गट एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. म्हणून सुताला साधी खळही बऱ्यापैकी बसते.

कोसा म्हणजे प्रथिन. टसरचा तंतू तुतीच्या रेशमापेक्षा जाड आणि काहीसा चपटा असतो. त्याच्या प्रथिनात पाण्याला फारसे न जुमानणारे घटक जास्त आहेत. त्यामुळे खळ बसते, पण सुतावर बसते तितकी घट्ट नाही.

पॉलिस्टर तर पाण्याला जवळच करत नाही. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट जवळपास नसतात, असतात ते एस्टर गट. पाण्यात शिजवलेली खळ त्यावर पसरतच नाही. थर वरवर लपेटला जातो आणि पहिल्या घासणीत निघतो. स्वस्त म्हणून मिश्र सूत आणले आणि खळ जुनीच ठेवली, तर विणताना नुकसान होते ते यामुळे.

स्टार्चमध्ये बदल कसा करतात?

स्टार्चच्या प्रत्येक ग्लुकोज कडीवर बदल करता येण्याजोगे तीन हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांपैकी किती गट बदलले, याच्या सरासरीला प्रतिस्थापन मात्रा म्हणतात. ती शून्य ते तीन या दरम्यान असते. खळीसाठी फार मोठा बदल लागत नाही. १०० कड्यांवर मिळून पाच गट बदलले तर मात्रा ०.०५ होते. अ‍ॅसिटिल गटाच्या बाबतीत हे वजनाने सुमारे १.३ टक्केच भरते, तरी खळीचा स्वभाव बदलतो. मुख्य पद्धती अशा :

आम्लाने पातळ केलेला स्टार्च : स्टार्चचे कण न फुटू देता, ४० ते ६० अंशांवर सौम्य आम्लात ठेवतात. साखळ्या तुटून आखूड होतात. नंतर आम्ल मारून, धुऊन, वाळवतात. नवा गट जोडला जात नाही, पण खळ पातळ होऊन धाग्याच्या आत शिरते. वस्त्रोद्योगात ही पद्धत शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. त्याआधी इंग्लंडच्या गिरण्यांत गव्हाचे पीठ कित्येक आठवडे आंबवत ठेवायचे, तेही खळ सुधारण्यासाठीच.

ऑक्सिडीकरण : सोडियम हायपोक्लोराइटने साखळ्या आखूड होतात आणि त्यांवर कार्बोक्सिल गट येतात. हे गट साखळ्यांना पुन्हा जवळ येऊ देत नाहीत. त्यामुळे निवल्यावर साय व गुठळी कमी होते आणि थर स्वच्छ, लवचीक बनतो.

अ‍ॅसिटिलीकरण : सौम्य क्षारीय पाण्यात अ‍ॅसिटिक अनहायड्राइड किंवा व्हिनाइल अ‍ॅसिटेटची क्रिया करून स्टार्चवर एस्टर गट बसवतात. पॉलिस्टरमध्येही एस्टर गटच असल्याने दोघांचे जमते. थर मऊ होतो आणि मिश्र सुतावर पकड वाढते.

फॉस्फेट स्टार्च : फॉस्फेट क्षार मिसळून कोरडा स्टार्च तापवतात. स्टार्चवर ऋण भार येतो, खळ स्थिर राहते आणि गुठळी धरत नाही.

धनभारित स्टार्च : पाण्यात कापसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. स्टार्चवर धन भार असलेले अमोनियम गट बसवले की तो कापसाकडे आपणहून ओढला जातो. कागद कारखान्यांतही हाच स्टार्च वापरतात. बल्लारपूरसारख्या कागदाच्या गावाला स्टार्च हा शब्द म्हणूनच परका नाही.

कलम केलेला स्टार्च : आंब्याच्या कोयीवर कलम बांधावे तसे स्टार्चच्या साखळीवर अ‍ॅक्रिलिकच्या फांद्या वाढवतात. खोड स्टार्चचे, फांदी कृत्रिम. फांदी पॉलिस्टरला धरते आणि खोड सुताला. मिश्र धाग्यासाठी हा प्रकार प्रभावी मानला जातो, पण महागही पडतो.

जास्त बदल म्हणजे जास्त पकड, हे खरे नाही

प्रतिस्थापन वाढवत नेले की काही मर्यादेपर्यंत पकड वाढते. पुढे खर्च वाढतो, थर फार मऊ पडून धागे एकमेकांना चिकटू शकतात आणि थराची स्वतःची ताकद घटते. साखळ्या फार आखूड केल्या तरी तेच. खळ पाण्यासारखी होऊन सगळी आत जाते आणि वर थर उरत नाही. धागा कोणता, हवा कशी आणि माग हाताचा की यंत्राचा, यावर योग्य मात्रा ठरते. यंत्रमागाचा वेग जास्त म्हणून इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये चालणारी खळ हातमागाला जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही.

कोशासाठी विशेष काळजी

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. कापसाला आम्ल बाधते, रेशमाला तीव्र क्षार बाधतो. आम्लाने पातळ केलेल्या स्टार्चमध्ये आम्ल उरले तर काठाचे सूत काही दिवसांत कमजोर होते. क्षार उरला तर अंगातला कोसा खराब होतो. ऑक्सिडीकृत स्टार्चमध्ये हायपोक्लोराइट उरले तर धोका आणखी मोठा, कारण ते रेशमाच्या प्रथिनाला अक्षरशः विरघळवते.

म्हणून करवत काठीसारख्या कापडाला तयार सुधारित स्टार्च घेताना तो नीट धुतलेला आणि उदासीन, म्हणजे सामू ७ च्या आसपास असलेला आहे, हे तपासूनच घ्यावे. सामू तपासण्याच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात. पूर्ण साडीच्या ताण्याला खळ देण्यापूर्वी थोड्या लडीवर प्रयोग करून आठवडाभर ठेवावे आणि मग ओढून पाहावे.

पकड मोजायची कशी?

प्रयोगशाळेत पीळ न दिलेली कापसाची किंवा पॉलिस्टरची पेळूसारखी वात पातळ खळीत बुडवून वाळवतात आणि यंत्रावर ओढून तोडतात. बिनखळीची वात किंचित ओढली तरी सुटते. खळ दिल्यावर ती तोडायला जो जोर लागतो, तो मुख्यतः खळीच्या पकडीचा असतो. दोन खळींची तुलना अशी करता येते.

मागावरची पद्धत याहून सोपी. एकाच सुताच्या दोन ताण्यांना दोन वेगळ्या खळी द्याव्यात. तितकेच मीटर विणून झाल्यावर मागाखाली कागदावर पडलेली पूड तोलावी आणि तुटलेले धागे मोजावेत. ज्या खळीची पूड कमी आणि तुटी कमी, ती त्या धाग्याला लागू.

कणीपासून स्टार्च इथेच करता येईल का?

कणीचे पीठ म्हणजे शुद्ध स्टार्च नव्हे. तांदळात सात-आठ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते आणि ते स्टार्चच्या बारीक कणांना धरून बसलेले असते. तांदळाचा कण फक्त ३ ते ८ मायक्रोमीटरचा, म्हणजे बटाट्याच्या कणापेक्षा कितीतरी लहान. त्यामुळे तो धाग्यावर गुळगुळीत बसतो, पण वेगळा करायला कठीण जातो. कारखान्यात सौम्य कॉस्टिक सोड्यात कणी भिजवून प्रथिन काढतात आणि वारंवार धुतात. मक्यापासून स्टार्च काढणे सोपे व स्वस्त, म्हणून बाजारात मक्याचाच जास्त. शिवाय कणीला पशुखाद्य आणि इथेनॉलचेही गिऱ्हाईक आहे.

जंगलातला एक पर्याय मात्र जवळचा आहे. तो म्हणजे चिंचोका. चिंचोक्याची पूड स्टार्च नसून वेगळ्या जातीची शर्करा-साखळी आहे. भारतात ती १९४०च्या दशकापासून ताग आणि सुताच्या खळीसाठी वापरात आहे. तिच्यावरही कार्बोक्सिमिथिल गट बसवून ती थंड पाण्यात विरघळणारी करता येते. गावोगाव चिंच फोडून चिंचोके मातीमोल भावात विकणाऱ्यांनी ही माहिती ठेवायला हरकत नाही.

सांडपाणी विसरू नका

विणून झाले की खळ काढावीच लागते, नाहीतर रंग नीट चढत नाही. सुती कापडावरची खळ अमायलेज या विकराने काढतात. ही सगळी खळ पाण्यात जाते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांतील सांडपाण्याच्या सेंद्रिय भारात खळीचा वाटा फार मोठा असतो. गिरण्यांनी त्यावर उपाय म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणले, पण ते सहज कुजत नाही. पकड वाढवलेला सुधारित स्टार्च कमी प्रमाणात पुरतो आणि कुजतोही, म्हणून त्याकडे पुन्हा लक्ष वळले. मात्र बदल जितका जास्त तितके कुजणे मंदावते. खळीचे पाणी बोडी-तलावात सोडू नये, मासे मरण्याचा धोका असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी स्टार्च सुधारता येतो का?
नाही, तसा प्रयत्नही करू नये. यात लागणारी अनहायड्राइड, हायपोक्लोराइट, मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल ही रसायने त्वचा, डोळे आणि फुप्फुसांना घातक आहेत. घरातली चूल आणि उघडी बादली ही त्यांची जागा नव्हे. तयार माल घ्यावा.

तयार माल घेताना काय विचारावे?
कोणत्या धाग्यासाठी, सामू किती, ओलावा किती, किती पाण्यात किती शिजवायचा आणि काढायला काय लागेल. उत्तर नसेल तर माल घेऊ नये.

साध्या खळीतच पकड वाढवता येईल का?
बऱ्यापैकी. खळ नीट शिजवावी, कच्चा कण राहू देऊ नये. गाळून, गरम असतानाच वापरावी. तेल जास्त घालू नये, कारण तेलाने थर मऊ होतो तशी पकडही घटते. शिळी खळ नव्यात मिसळू नये.

खळ पूर्ण निघाली की नाही, कसे कळेल?
कापडाच्या कोपऱ्यावर पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब टाकावा. निळा डाग उठला तर साधा स्टार्च शिल्लक आहे. आम्लाने पातळ केलेल्या किंवा सुधारित स्टार्चचा डाग जांभळट, तांबूस किंवा फिकाही येऊ शकतो. नुसता निळा नाही म्हणून खळ निघाली, असे समजू नये.

मार्गदर्शन कुठे मिळेल?
केंद्र सरकारचे विणकर सेवा केंद्र नागपूरला आहे. कोशाच्या धाग्याबाबत जिल्हा रेशीम कार्यालयात चौकशी करावी. जाताना सुताची छोटी लड, वापरात असलेली कोरडी खळ आणि मागाखाली पडलेली पूड पुडीत बांधून सोबत न्यावी. तोंडी सांगण्यापेक्षा त्या तीन पुड्यांवरून दोष लवकर सापडतो.